दुपारची मोकळी लाइन

फोन आमचा नव्हता, कंपनीचा होता. माझा नवरा घाटकोपरला बर्फाच्या कारखान्यात फिटर होता. मशीन अडलं की बर्फाचं पाणी व्हायचं आणि गॅस गळला तर माणसं गुदमरायची. त्याला केव्हाही बोलावता यावं म्हणून कंपनीने आमच्या चाळीतल्या खोलीत काळा फोन बसवून दिला. ऐंशी सालानंतरची गोष्ट. तेव्हा लोक फोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं बसायचे. आमच्याकडे तो न मागता आला आणि त्याच्या मागोमाग सगळी चाळ आली.

मी चौथी शिकलेली. पण फोन चालवला मीच. नवरा एकतर कामावर असायचा, नाहीतर झोपलेला. एक तार आणि बोलणारी सगळी चाळ. सुरुवातीला जो आधी येईल त्याला द्यायची. मग एकदा एक बाई बहिणीशी लोणच्याचं बोलत बसली आणि तेवढ्यात कारखान्यातून माणूस सायकल मारत आला. फोन एंगेज लागतोय म्हणून. साहेबाने नवऱ्याला सरळ सांगितलं, पुन्हा असं झालं तर फोन काढून नेऊ. त्या दिवसापासून मी कायदा केला.

कंपनीच्या पुढे कोणी नाही. बाहेरगावचा ट्रंक कॉल आला तर त्याच्यापुढे चाळीतलं कोणी नाही. ट्रंक कॉलला तर माझी परवानगीही लागायची नाही. कोणी मुंबईतल्या मुंबईत बोलत असलं तरी एक्स्चेंजमधली बाई मध्येच घुसायची. "ट्रंक आहे, लाइन सोडा." बोलणारा गप्प फोन ठेवायचा. मला ती बाई आवडायची. तिला कोणाचं तोंड बघावं लागत नव्हतं. मला लागायचं. दवाखाना, बाळंतपण, मयत यांना मी लगेच द्यायची. राहिलेल्यांनी उंबऱ्यावर बसायचं.

समोरच्या खोलीत बँकेतला एक क्लार्क राहायचा. लग्न ठरलेलं. रोज संध्याकाळी यायचा.

"मावशी, अर्जंट आहे."

"काय अर्जंट?"

"पर्सनल आहे ना, मावशी."

"मग पाकिटात घालून पोस्टात टाक."

त्याच्यामुळे सगळ्यांना तो शब्द सापडला. दूधवाल्याला अर्जंट, शिवणाच्या बाईला अर्जंट, पोरांच्या क्रिकेटच्या मॅचला अर्जंट. सगळेच अर्जंट झाल्यावर ज्याचं खरंच अडलंय तो पुन्हा रांगेत मागेच. म्हणून मी तो शब्द ऐकणंच बंद केलं. एकच विचारायची, "तासाभराने केलास तर काय बिघडेल?" ज्याला पटकन सांगता येई त्याला फोन. जो खांदे उडवी त्याने बसायचं.

एवढं करूनही एक माणूस त्यातून निसटायचं. गॅलरीच्या शेवटी, संडासाच्या बाजूला एक मालवणी म्हातारी राहायची. विधवा. एकच मुलगा, गिरणी बंद पडल्यावर हमाली करायचा. ही उंबऱ्यावर येऊन बसली की बसलीच. हिच्यानंतर येणारा तोंडाळ असला की तो पुढे, ही मागे. कधीतरी न बोलताच उठून जायची. मी विचारलं तर म्हणायची, "ऱ्हव दे गो. माझा काय मोठा काम नाय." हे बघून मी आणखी एक कलम घातलं. जो दोनदा मागे सरकला त्याला तिसऱ्यांदा सरकवायचं नाही, समोर कोणीही असो. क्लार्क त्याला मावशीचं कोर्ट म्हणायचा. म्हणू दे.

माझी मुलगी मालाडला दिली होती. दोन खोल्यांचा फ्लॅट, जावई ऑफिसात, सासरा ऑफिसातून रिटायर झालेला, घरात स्वतःचा फोन. फोनवालं घर बघून दिली असं चाळीत बोलायचे, आणि ते खोटं नव्हतं. वाटलं, निदान आवाज कानावर पडेल. आवाज पडायचा. पण शेजारी सासू उभी असायची. मुलगी म्हणायची, "सगळं बरंय, आई." सगळं बरंय हे ती इतक्या घाईने म्हणायची की मला ऐकवत नसे. पुढे सासऱ्याने डायलच्या भोकात छोटं पितळी कुलूप घातलं. फोन येऊ शकत होता, तिला लावता येत नव्हता.

गौरीला ती माहेरी आली तेव्हा दंडाला मागून भाजल्याचा डाग. म्हणाली, तव्याचा चटका बसला. मी जन्मभर भाकऱ्या भाजल्या आहेत. तव्याचा चटका बोटाला बसतो, मनगटाला बसतो, दंडाला मागून बसत नाही. त्या वर्षांत पेपरात सारखं स्टोव्हच्या भडक्याचं यायचं. ते स्टोव्ह सुनांच्याच अंगावर भडकायचे. सासूच्या हातात कधी भडकलेला मी वाचला नाही.

"इथेच राहा," मी म्हटलं.

"नको, आई. अजून थोडं बघते."

"काय बघतेस? आणखी काय दाखवायचं राहिलंय त्यांनी?"

ती रडली नाही. मीही नाही. नवरा भिंतीकडे तोंड करून विडी ओढत होता. त्याने विडी विझवली, फोनपाशी जाऊन बसला आणि तिला हाक मारली. रिसीव्हर ज्यावर ठेवतात ती दोन बटणं त्याने बोटाने टकटक दाबून दाखवली. डायलला कुलूप असलं तरी चालतं. पाच आकडा हवा तर पाच टिचक्या, मग थोडं थांबायचं, मग पुढचा आकडा. शून्याला दहा. आमच्या नंबरात शून्यं होती, तीच अवघड. एक टिचकी हुकली की फोन भलत्याच्या घरी. गौरी जेवायला बसल्या होत्या आणि आमच्याकडे बाप-लेक टिचक्या मोजत होते. मी दाराला कडी घातली होती.

ठरलं असं. दुपारी सासू झोपली की मुलीने आमचा नंबर लावायचा. दोन घंट्या वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. आम्ही उचलायचा नाही. न उचललेल्या फोनचं बिल येत नाही, म्हणजे सासऱ्याला कळणार नाही. दोन घंट्या म्हणजे मी ठीक आहे. घंटा वाजतच राहिली तर उचलायचा, म्हणजे काहीतरी झालंय. एवढं ठरवून ती गेली. फोन वाजलाच नाही तर काय समजायचं, ते ठरवायचं राहून गेलं. तिघांच्याही मनात ते आलं असणार. कोणी तोंडातून काढलं नाही.

आता मला दुपारी लाइन मोकळी हवी होती. मी जाहीर केलं, जेवणं झाल्यापासून चहापर्यंत फोनला कोणी हात लावायचा नाही, कंपनीचा हुकूम आहे. खरं सांगता येत नव्हतं. चाळीत सांगितलं असतं तर दिवे लागायच्या आत मालाडला पोचलं असतं. दोन्हीकडे आमच्याच गावची माणसं.

चाळ चिडली. कोणी बोलत असलं तर लोक ताटकळतात, पण चालवून घेतात. फोन नुसता बसलेला बघवत नाही. कोणीतरी बोलावं म्हणून तो केलाय आणि ही बया त्यावर नागासारखी बसलीय, असं बायका मला ऐकू येईल इतक्या हळू बोलायच्या. क्लार्क रजेच्या दिवशी दारात यायचा.

"मावशी, फोन झोपलाय काय? उठवू का?"

"हात लावलास तर हात मोडीन."

"नशीब कंपनीचं, तुमच्यासारखी वॉचमन मिळाली."

मी तांदूळ निवडत फोनशेजारी बसायची. दोन घंट्या वाजून बंद झाला की उठून जेवायची. पण फोन काय तिचाच येणार होता? दुपारी दुसऱ्या कोणाचाही यायचा. पहिली घंटा, दुसरी घंटा, आणि तिसरी वाजली की मी तांदळाचं ताट तिथेच टाकायची. हात पुसून उचलायची तर कोणीतरी म्हणायचं, "समोरच्या खोलीत क्लार्क राहतात ना, त्यांना जरा बोलवता?" मी त्याला नाही बोलवायची. रजेवर असला तरी नाही. ठेवून द्यायची. क्लार्कच्या होणाऱ्या सासरी मी खवीस म्हणून माहीत होते.

असे बरेच महिने गेले. मग एक दुपार आली.

जेवणं झाली, भांडी झाली, फोन वाजला नाही. मी तांदूळ निवडून संपवले आणि तेच पुन्हा निवडायला घेतले. मनात म्हटलं, सासू आज झोपली नसेल. मग म्हटलं, टिचक्या चुकल्या असतील, भलत्याकडे लागला असेल, पुन्हा लावेल. मग वाटलं, फोनच मेला असेल. तेव्हा फोन असेच मरायचे, जरा ओल आली की बंद. बघायचं तर रिसीव्हर उचलून कानाला लावायला हवा. पण मी उचलला आणि नेमकी त्याच वेळी ती लावत असली तर तिला एंगेज लागणार. सासू उठायच्या आत तिला एकदाच जमणार असेल तर? मी हात पुढे केला आणि मागे घेतला. असं किती वेळ केलं ठाऊक नाही. शेवटी झटकन उचलला, आवाज ऐकला, लगेच ठेवला. फोन जिवंत होता. म्हणजे बिघाड इकडे नव्हता. आणि तेवढ्या वेळात तिने लावला होता की नाही, हे आता मला कधी कळणार नव्हतं. भीती कमी करायला उचलला आणि दुप्पट करून ठेवला.

चहाची वेळ झाली. शेजारी स्टोव्ह पेटल्याचा फरफर आवाज आला. रोज यायचा तोच. त्या दिवशी मी कानांवर हात ठेवले.

दारात म्हातारी उभी होती. हातात कागदाचा कपटा.

"फोन मोकळो झालो मगे?" तिने विचारलं.

तिच्या मुलाचं त्या सकाळी पोटाचं ऑपरेशन होतं, म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात. संध्याकाळच्या आधी आत सोडत नाहीत. नर्सने वॉर्डाचा नंबर लिहून दिला होता. ती आदल्या दिवशी दुपारी आली होती तेव्हाही मी तिला परत पाठवलं होतं, आणि ऑपरेशनच्या दिवशी सकाळी एका ट्रंक कॉलपुढे तिला उठावं लागलं होतं. दोनदा झालं होतं. माझ्याच कलमाने तिला आता सरकवता येत नव्हतं. तरी मी सवयीने विचारलं, "तासाभराने केलंस तर काय बिघडेल?"

ती जरा विचार करून म्हणाली, "काय बिघडाचा नाय. जा काय झाला, ता झालाच आसतला."

इतक्या जणांना मी तो प्रश्न विचारला होता. असं उत्तर कोणी दिलं नव्हतं. माझ्या डोक्यात मालाडचं घर आलं. तिथेही जे व्हायचं ते झालेलंच असणार आणि मी इथे तांदूळ निवडत बसले होते. मी तिला सगळं सांगितलं. दंडाचा डाग, कुलूप, टिचक्या, दोन घंट्या. चाळीत पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं.

तिने हळहळ केली नाही. म्हणाली, "मगे हंय काय करतंस? जा. मी बसतंय फोनाकडे."

"दोन वाजून बंद झाला तर सोड. वाजतच राहिला तर उचल."

"आनि कोणी मागलो तर?"

"देऊ नको."

"कंपनीन मागलो तर?"

"कंपनीलाही नको," मी म्हटलं आणि चपला घातल्या. तिचा कपटा तिच्या मुठीतच होता. ते माझ्या ध्यानात आलं नाही.

नवरा पहिली पाळी सुटून वाटेत कुठेतरी होता. त्याची वाट बघितली नाही. मी एकटी कधी रिक्षात बसले नव्हते, त्या दिवशी बसले. अंधेरीपर्यंत रस्ता खणलेला होता, रिक्षा रांगत होती. दर दुकानात काउंटरवर फोन दिसत होता. उतरून घरी विचारावं, दोन घंट्या वाजल्या का? पण मी फोन केला तर तेवढा वेळ लाइन माझ्यानेच अडणार. म्हणून नाही उतरले. पुढे हायवेला रिक्षा पळायला लागली तेव्हा मला ते नकोसं झालं. जोपर्यंत पोचत नाही तोपर्यंत ती जिवंत आहे, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. मी रिक्षावाल्याला हळू चालव म्हटलं. त्याने आरशातून बघितलं. मग मीच म्हटलं, "नको, मार जोरात."

जिना चढताना मी वास घेत होते. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी मासे तळत होतं. बरं वाटलं. ज्या घरात काही जळालं त्याच्या खाली माणसं मासे तळत बसत नाहीत.

सासूने दार उघडलं. "अगं बाई, विहीणबाई! न कळवता?"

"कळवणार कसं? तुमच्या फोनला कुलूप."

"ती झोपलीय जरा."

मी आत गेले. स्टुलावर फोन नव्हता. धुळीत चौकोनी डाग होता आणि वायर लाकडी कपाटात गेली होती. कपाटाला कुलूप. सासरा पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला नाही. स्वयंपाकघराचं दार बंद होतं आणि त्याला बाहेरून कडी होती. झोपलेल्या माणसाला कोणी बाहेरून कडी घालत नाही. मी कडी काढली.

ती भिंतीला टेकून खाली बसली होती. मला बघून उठली नाही. स्टोव्ह ओट्यावर नव्हता, जमिनीवर मध्यभागी ठेवलेला होता. रॉकेलचा वास होता. तो रोजचा होता की त्या दिवसाचा, हे मी तिला विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. तिनेही आपणहून सांगितलेलं नाही.

"चपला घाल," मी म्हटलं.

"आई, टकटक करताना त्यांनी..."

"चपला घाल आधी."

सासू दारात आडवी आली. "अशी नेऊ नका. लोक काय म्हणतील?"

"लोकांना माझ्याकडे फोन करायला सांगा. नंबर आहे तुमच्याकडे."

तिने अंगावरच्या साडीनिशी घर सोडलं. रिक्षात ती माझ्या हाताला धरून बसली होती आणि तिचं बोट माझ्या मनगटावर टकटक करत होतं. थांबायचं, पुन्हा करायचं. तिला कळतही नव्हतं. मी हात काढला नाही.

चाळीत पोचलो तेव्हा गॅलरीत माणसं उभी होती. म्हातारी आमच्या खोलीत फोनसमोर मांडी घालून बसली होती, मी सोडून गेले होते तशीच. क्लार्क दाराबाहेर होता.

"मावशी, आजी कोणाला हात लावू देत नाही. कंपनीचा फोन आला, मशीन बंद पडलंय म्हणून. आजीने सांगितलं लाइन मोकळी हवी, आणि दिला ठेवून! साहेबाला!" मग त्याला माझ्या मागे मुलगी दिसली. तो बाजूला झाला. त्यानंतर त्याने माझ्या फोनची कधी चेष्टा केली नाही. नवऱ्याला मात्र कारखान्यात पुष्कळ ऐकावं लागलं.

म्हातारीने मुलीला वरपासून खालपर्यंत बघितलं. "इलंय बाय? बस." मग माझ्याकडे वळली. मूठ उघडली. कपटा घामाने भिजला होता. "आता मी लावू गो? माझो ऱ्हवलो हा."

तिच्या समोर फोन होता, मुठीत नंबर होता, आणि तिने लावला नव्हता. मुलगा शुद्धीवर आला की नाही हे माहीत नसताना ती बाई दुसऱ्याच्या दोन घंट्यांची वाट बघत बसली होती.

आकडे पुसट झाले होते. मी वाचले आणि डायल फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला, पुन्हा एंगेज. मागे कोणीही घाई केली नाही. मग लागला. वॉर्डातल्या कोणीतरी धरून ठेवायला सांगितलं. म्हातारी रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला दाबून बसली. मी मुलीला भाकरी आणि भाजी वाढली. ती भिंतीकडे तोंड करून खायला लागली. नर्स आली असावी, कारण म्हातारी एकदम मोठ्याने बोलली, "पाणी मागता? मगे दी गो त्याका." तिकडून बहुतेक सांगितलं की एवढ्यात पाणी देत नाहीत. ही वाद घालायला लागली.

मी घड्याळाकडे बोट दाखवलं नाही. म्हटलं, "बोल. हवं तेवढं बोल." ती बोलत होती तोपर्यंत मालाडच्या माणसांना एंगेज लागणार होता. मुलीच्या पोटात चार घास जाणार होते. म्हातारीने नर्सला मुलाच्या लहानपणापासूनचं सांगितलं. नर्सने किती ऐकलं देव जाणे.

शेवटी तिने फोन ठेवला.

हात काढला न काढला तोच तो वाजला. मुलीचा घास हातात राहिला. दुसरी घंटा वाजली. आम्ही मायलेकी घंटा बंद होण्याची वाट बघत होतो, जशी काही मुलगी अजून मालाडलाच होती. तिसरी वाजली. चौथी वाजली. मी हात पुसले आणि उचलला. जावई होता.

"ती तिथे आहे का?"

"जेवतेय," मी म्हटलं आणि ठेवून दिला.